आतड्याच्या कॅन्सरची केमो: सलाईनचे दोन तास, गोळ्यांचे चौदा दिवस

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आपल्याकडे बऱ्याच पेशंटना जी केमो देतात तिचं नाव कॅपॉक्स. डे-केअरमध्ये दोन तासांचं सलाईन आणि घरी न्यायला गोळ्यांच्या पट्ट्यांची पिशवी. घरातल्यांच्या बोलण्यात सलाईन म्हणजे ‘केमो’ आणि पिशवीतल्या त्या नुसत्या ‘गोळ्या’. गडबड इथूनच सुरू होते. या उपचाराचा कणा त्या गोळ्याच आहेत, सलाईन त्यांच्या जोडीला नंतर आलं. जुलाब, तोंड येणं, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) उतरणं हे जिवावर बेतू शकणारे त्रास सहसा हॉस्पिटलच्या खाटेवर होत नाहीत. ते घरी होतात, पहिला आठवडा उलटल्यावर, आणि तेव्हा शेजारी ना नर्स असते ना डॉक्टर. ‘जुलाबच आहेत, थांबतील’ म्हणत सकाळची गोळी घेतली जाते, मग संध्याकाळचीही.

गाठ काढली, मग केमो कशाला?

उत्तर बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टमध्ये असतं. त्यात ‘टी’ म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, ‘एन’ म्हणजे काढलेल्या लिम्फ नोडपैकी (आतड्याजवळच्या बारीक लसिका ग्रंथी) कितींमध्ये कॅन्सर सापडला. किमान १२ नोड तपासलेले हवेत. त्याहून कमी असतील तर ‘नोड साफ आहेत’ या वाक्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

पहिल्या स्टेजला केमो लागत नाही. तिसऱ्या स्टेजला, म्हणजे एखाद्या जरी नोडमध्ये कॅन्सर असेल तर, ती देतात. कारण सरळ आहे. पेशी नोडपर्यंत चालत गेल्या असतील, तर त्यातल्या काही रक्तातून पुढे यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसल्या असण्याची शक्यता असते. त्या इतक्या थोड्या असतात की सीटी स्कॅनलाही दिसत नाहीत, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचीच गाठ होते. त्यांना वाढू न देणं हे या केमोचं काम. म्हणून ‘स्कॅन तर क्लिअर आहे’ हा केमो टाळायचा आधार होत नाही.

दुसरी स्टेज अडचणीची. गाठ टी४ (आतड्याच्या भिंतीच्या आरपार गेलेली) असेल, आतडं फाटलं किंवा पूर्ण बंद झालं असेल, नोड कमी तपासले असतील तर केमोचा विचार होतो, नाहीतर बरेचदा नाही. इथे एक तपासणी आग्रहाने करून घ्यावी: एमएमआर किंवा एमएसआय. डीएनएची नक्कल उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं गाठीत शाबूत आहेत का, हे त्यात कळतं. दुसऱ्या स्टेजच्या ज्या गाठीत ही दुरुस्ती बंद पडलेली असते तिच्यात नुसत्या गोळ्यांच्या केमोचा फायदा होत नाही, आणि तो कॅन्सर परतण्याचा धोकाही मुळात कमी असतो. म्हणजे एका तपासणीने सहा महिन्यांचा त्रास वाचू शकतो.

तिसऱ्या स्टेजला केमो ऑपरेशननंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी. जखम भरायला तेवढा वेळ लागतोच. ‘जरा अंगात ताकद येऊ दे’ म्हणून तीन-चार महिने काढले तर फायदा घटत जातो. गुदाशयाच्या कॅन्सरचं गणित वेगळं आहे, तिथे रेडिएशन आणि केमो पुष्कळदा ऑपरेशनच्या आधीच देतात. चौथ्या स्टेजचंही वेगळं. इथून पुढचं मुख्यतः आतड्याच्या, ऑपरेशननंतरच्या केमोबद्दल.

खोटी वीट आणि प्लॅटिनमची गाठ

१९५४ मध्ये असं दिसलं होतं की उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा कच्चा माल निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात. त्यावरून चार्ल्स हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये युरॅसिलला फ्लोरिनचा एक अणू चिकटवून एक खोटी वीट तयार केली. तीच फाइव्ह-एफयू. डीएनएची एक वीट पाडणारं एन्झाइम ती खरी समजून पकडतं आणि तिच्यातच अडकून पडतं. नवी वीट मिळत नाही, डीएनए तयार होत नाही, पेशी मरते. पन्नाशीच्या दशकातलं हे औषध अजूनही या उपचाराच्या पायाशी आहे.

कॅपेसिटाबिन ही त्याच औषधाची गोळी. ती पोटात गेल्यावर यकृतात आणि पेशींमध्ये तीन टप्प्यांत बदलते आणि शेवटी फाइव्ह-एफयूच होते. गोळी आहे म्हणून ती सौम्य नाही. सलाईनमधून जे दिलं असतं तेच तोंडाने घेतलं जातंय.

या एन्झाइमच्या गोष्टीत रोजच्या व्यवहाराची एक बाब दडलेली आहे. खोटी वीट एन्झाइमला घट्ट चिकटून राहायला फोलेट लागतं. सलाईनच्या फॉलफॉक्स पद्धतीत त्यासाठी मुद्दाम ल्युकोव्होरिन देतात. कॅपेसिटाबिनचा डोस मात्र ते न देता ठरवलेला आहे. मग पेशंट ‘अशक्तपणासाठी’ मेडिकलमधून फॉलिक ॲसिड असलेली बी-कॉम्प्लेक्सची किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणून घेतो आणि नकळत केमोचा विषारीपणा वाढवतो. अमेरिकेतल्या पेशंटना कॅपेसिटाबिनचा त्रास आशियातल्या पेशंटपेक्षा जास्त होतो असं चाचण्यांत दिसलं आहे. तिथे १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळतात, हे त्याचं एक संभाव्य कारण मानतात. पालेभाजी खुशाल खा. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सलाईनमधलं औषध ऑक्झालीप्लॅटिन. नावातच प्लॅटिनम आहे. ते डीएनएच्या पट्ट्यांना गाठी मारतं, मग पेशीला त्याची नक्कल काढता येत नाही. त्याची जोड दिल्याने किती फरक पडतो? २००४ मध्ये आलेल्या मोझॅक चाचणीत २,२४६ पेशंट होते. तीन वर्षांनी कॅन्सर न परतलेले, नुसत्या फाइव्ह-एफयूच्या गटात ७२.९ टक्के, ऑक्झालीप्लॅटिन जोडलेल्या गटात ७८.२ टक्के. म्हणजे शंभरात पाच जण जास्त. हा फायदा खरा आहे, पण मुख्य भार फाइव्ह-एफयूवरच आहे. म्हणूनच पुढे बोटं बधिर व्हायला लागली आणि डॉक्टरांनी सलाईन बंद करून नुसत्या गोळ्या चालू ठेवल्या, तर ‘अर्धीच केमो झाली’ असा घोर लावून घेऊ नये. सत्तरीपुढच्या पेशंटमध्ये तर या जोडीचा फायदा इतका कमी दिसतो की पुष्कळदा सुरुवातच नुसत्या गोळ्यांवर करतात.

तीन महिने की सहा?

आधी सगळ्यांनाच सहा महिने द्यायचे. २०१८ मध्ये आयडिया नावाच्या अभ्यासाने सहा चाचण्यांमधले तिसऱ्या स्टेजचे १२,८३४ पेशंट एकत्र मोजले. तीन वर्षांनी कॅन्सर न परतलेले: तीन महिन्यांच्या गटात ७४.६ टक्के, सहा महिन्यांच्या गटात ७५.५. आणि बोटं बधिर होण्याचा मध्यम किंवा जास्त त्रास? कॅपॉक्स घेणाऱ्यांमध्ये तीन महिन्यांना १४.२ टक्के, सहा महिन्यांना ४४.९. एका टक्क्याच्या आसपासच्या फरकासाठी तिप्पट लोकांच्या बोटांची किंमत मोजली जात होती.

त्यानंतर नियम साधारण असा बसला: गाठ टी४ नसेल आणि कॅन्सर असलेले नोड एक ते तीनच असतील, तर कॅपॉक्सच्या तीन महिन्यांत चार सायकल (एक सायकल तीन आठवड्यांची) पुरतात. टी४ असेल किंवा चार वा जास्त नोड असतील तर सहा महिन्यांचा विचार होतो. ही सवलत कॅपॉक्सला जास्त स्पष्टपणे लागू पडते, फॉलफॉक्सला तितकी नाही. डॉक्टरांनी चारच सायकल सांगितल्या म्हणजे खर्च वाचवण्यासाठी उपचार कमी केला असं नाही, तो या आकड्यांचा परिणाम आहे.

डोसचा हिशोब

डोस अंगाच्या पृष्ठभागावर ठरतो. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३,६००, आणि त्याचं वर्गमूळ. १६५ सेंटिमीटर उंच, ६० किलो वजनाचा माणूस घ्या. ९,९०० भागिले ३,६०० म्हणजे २.७५, त्याचं वर्गमूळ १.६६ चौरस मीटर. ऑक्झालीप्लॅटिन प्रति चौरस मीटर १३० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २१५. कॅपेसिटाबिन प्रति चौरस मीटर १,००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे एका वेळी १,६६०. गोळ्या ५०० आणि १५० च्या मिळतात, म्हणून सकाळी ५०० च्या तीन आणि १५० ची एक, संध्याकाळी तितक्याच. १४ दिवसांच्या ५०० च्या ८४ आणि १५० च्या २८. मग सात दिवस सुट्टी. एकविसाव्या दिवसानंतर पुढची सायकल.

घरी आल्यावर पिशवीतल्या गोळ्या मोजून बघा. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात आणि ५०० च्या जागी १५० ची गोळी जाणं, किंवा उलट, ही गफलत होते. एका वहीत तारीख, सकाळ, संध्याकाळ अशा रेघा मारून टिक करत जा. सुट्टीचे सात दिवस वहीत आधीच लाल पेनाने आखून ठेवा, कारण सुट्टी विसरून पट्टी संपेपर्यंत गोळ्या खात राहिलेली माणसंही असतात.

वजन दर सायकलला मोजलं पाहिजे. पाच-सहा किलो उतरलेल्या पेशंटला जुनाच डोस देणं चूक. मूत्रपिंडाचाही हिशोब लागतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स ५० च्या खाली आला तर कॅपेसिटाबिन पाऊणपट करतात आणि ३० च्या खाली देतच नाहीत.

सलाईनचा दिवस

आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी रक्त तपासतात: सीबीसी, यकृत, क्रिएटिनिन. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण १,५०० आणि प्लेटलेट ७५,००० ते एक लाखाच्या वर हवेत. नेमकी रेषा हॉस्पिटलप्रमाणे थोडी बदलते. काउंट कमी आले तर सायकल आठवडाभर पुढे जाते. त्याने काही बिघडत नाही. पहिल्या सायकलआधी हिपॅटायटिस बीची तपासणी एकदा झालेली असावी, कारण केमोत हा झोपलेला विषाणू जागा होऊ शकतो. दात किडलेले असतील तर तेही आधीच उरकावेत.

आधी उलटीची औषधं जातात, त्यात बहुधा डेक्सामेथासोन असतं. ते स्टेरॉइड आहे, साखर वाढवतं. ऑक्झालीप्लॅटिन मिठाच्या पाण्यात घालता येत नाही, क्लोराइडमुळे ते बिघडतं. म्हणून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात जातं. मधुमेह असलेल्यांनी पुढचे दोन-तीन दिवस ग्लुकोमीटर हाताशी ठेवावा. साखर २५० च्या पुढे दिसली की ‘गोड काही खाल्लं नाही तरी असं कसं’ म्हणून घाबरायला नको, कारण हे आहे. पण डॉक्टरांना कळवायला हवं.

हाताच्या शिरेतून देताना हात गार पडून ठणकतो. कोमट शेक घेतला आणि वेग कमी केला की बरं वाटतं. सुईच्या जागी सूज, जळजळ सुरू झाली तर लगेच नर्सला हाक मारा, सलाईन संपायची वाट पाहू नका. आणि त्या जागी बर्फ नको. इतर काही औषधं बाहेर गळली तर बर्फ चालतो, ऑक्झालीप्लॅटिनला गारवा मुळीच चालत नाही.

गारव्याशी वैर

हे इतकं विचित्र लक्षण आहे की आधी सांगितलं नसेल तर माणूस हादरतो. ऑक्झालीप्लॅटिन घेतल्यावर पाच-सात दिवस गार वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या आणि सुया टोचल्यासारखं होतं. मज्जातंतूंवरचे सोडियमचे दरवाजे या औषधाने नीट मिटेनासे होतात आणि गारव्याने तो बिघाड उफाळतो. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढणं, सकाळी स्टीलचा पेला धरणं, टाकीच्या पाण्याने तोंड धुणं, बाथरूमच्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवणं, सगळंच बोचतं. माठातलं पाणीसुद्धा.

सगळ्यात भीतीदायक म्हणजे घसा. गार पाण्याचा घोट घेतला आणि गळा आवळल्यासारखा झाला, श्वासच येत नाही असं वाटलं. प्रत्यक्षात श्वास चालू असतो, ऑक्सिजनही बरोबर असतो, फक्त घशाची जाणीव बिघडलेली असते. कोमट पाणी हळूहळू प्यायलं, तोंडावर रुमाल धरून गरम श्वास घेतला की काही मिनिटांत जातं. पण अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, घेरी येणं यातलं काही सोबत असेल तर ती ॲलर्जी, आणि ती थांबून बघण्याची गोष्ट नाही. ॲलर्जी बहुधा पहिल्या सलाईनला न येता बऱ्याच सायकलनंतर येते, म्हणून ‘आधी पाच वेळा काही झालं नाही’ हा दिलासा धरू नये.

सलाईन संपवून रात्रीच्या एसटीने गावी जाणाऱ्यांनी खिडकीजवळची जागा घेऊ नये. कानटोपी, मफलर, हातमोजे मे महिन्यातही सोबत असू द्यावेत, एसी डब्यात तर नक्कीच. थर्मासमध्ये कोमट पाणी. आणि फ्रिज उघडायचं काम घरात दुसऱ्या कुणाकडे.

गोळ्या घेताना

जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. दोन वेळांत साधारण बारा तासांचं अंतर. उपाशीपोटी घेऊ नये. संकष्टी-एकादशी पाळणाऱ्यांनी त्या दिवशी गोळी चुकवू नये आणि नुसत्या चहावरही घेऊ नये. साबुदाण्याची खिचडी, वरी, केळं पोटात गेलं की गोळी चालते. एखादी वेळ राहिली तर राहू द्या. पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा घ्यायची नाही. गोळी चुरू नये, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने तिला हात लावू नये.

इतर औषधांची यादी पहिल्याच दिवशी दाखवा. वॉरफरिन चालू असेल तर कॅपेसिटाबिनमुळे रक्त नको तितकं पातळ होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचं माप) वारंवार तपासावा लागतो. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी चढते आणि तोल जायला लागतो. युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल शक्यतो टाळतात. कुणीतरी आणून दिलेले काढे आणि भस्मं या काळात बाजूला ठेवावीत. यकृताचे आकडे बिघडले तर केमोने की भस्माने, हे मग कुणालाच सांगता येत नाही, आणि दोष केमोवर येऊन ती थांबते.

गोळी कधी थांबवायची

हे नीट वाचून फ्रिजच्या दारावर लावण्याजोगं आहे.

नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जुलाब, किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागणं. तोंडात इतके फोड की जेवता येत नाही. दिवसाला एकापेक्षा जास्त वेळा उलटी. हात-पाय दुखून कामात अडचण. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. छातीत दुखणं. यातलं काहीही झालं की पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करायचा. राहिलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात. पुढे डोस कमी करून सुरू करतात. डोस कमी होणं हा या उपचाराचा नेहमीचा भाग आहे, ती माघार नव्हे. उलट ‘कोर्स पूर्ण करायचा’ या जिद्दीने जुलाबातही गोळ्या गिळत राहणं हीच सगळ्यात महाग पडणारी चूक.

जुलाबासाठी लोपेरामाइड आधीच लिहून घेऊन घरी ठेवावं: सुरुवातीला २ मिलिग्रॅमच्या दोन, मग प्रत्येक जुलाबानंतर एक, आणि दिवसाची कमाल मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. सोबत ताप किंवा शौचात रक्त असेल तर स्वतः होऊन घेऊ नये. ओआरएसची मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. फ्रिजमध्ये ठेवून गार करायचं नाही, कारण वर आलंच आहे. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, साधं ताक चालतं. दूध, तळलेलं, मिरचीचा ठेचा काही दिवस नको. पोटावर स्टोमा बॅग (ऑपरेशनमध्ये पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावलेली पिशवी) असेल तर जुलाबांऐवजी पिशवीतलं पाणी मोजा. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं की अंगातलं पाणी आणि क्षार फार लवकर संपतात. लघवी कमी आणि गडद झाली तर घरचं ओआरएस पुरत नाही, सलाईन लागतं.

ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका, थर्मामीटरवरचा आकडा त्याने लपतो. न्यूट्रोफिल उतरलेले असताना आलेला ताप म्हणजे शरीरात जंतुसंसर्ग पसरत असू शकतो आणि त्याला लढायला शिपाईच नाहीत. अशा वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवा. म्हणून गावाजवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री उघडं असतं, कुठे शिरेतून अँटिबायोटिक देतील, हे पहिल्या सायकलआधीच विचारून ठेवा. केमोची फाइल दारामागच्या पिशवीत असू द्या. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला ‘कसली तरी केमो चालू आहे’ याचा उपयोग नसतो. ‘कॅपॉक्स, दुसरी सायकल, आज दहावा दिवस’ असं सांगता आलं पाहिजे.

छातीत दुखण्याचं मुद्दाम वेगळं सांगायला हवं. फाइव्ह-एफयू आणि कॅपेसिटाबिनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडू शकतात, आधी हृदयाचा काही त्रास नसलेल्या माणसातही. बहुधा पहिल्याच सायकलच्या पहिल्या काही दिवसांत. त्याला ॲसिडिटी समजून जेलुसिल पिऊन झोपू नये. गोळी बंद, थेट इमर्जन्सी, आणि तिथे कॅपेसिटाबिनचं नाव घ्या.

शेवटची एक दुर्मिळ पण गंभीर गोष्ट. फाइव्ह-एफयूचा शरीरातून निचरा करणारं डीपीडी नावाचं एन्झाइम काही लोकांत जन्मतः कमी असतं. त्यांना नेहमीचा डोस विषासारखा चढतो. पहिल्या दहा दिवसांतच तोंड सोलवटणं, भयंकर जुलाब आणि काउंट कोसळणं एकदम सुरू झालं तर ही शंका घ्यावी. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून उपचाराआधीच याची तपासणी करण्याचा सल्ला दिला आहे. आपल्याकडे ती सर्रास होत नाही, पण मोठ्या लॅबमध्ये करून मिळते. विचारायला हरकत नाही.

तळहात, तळपाय आणि भाकरी

कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, मग कातडी सोलते. जिथे घासणं, दाब आणि उष्णता जास्त तिथे जास्त. भाकरी थापणं, कपडे पिळणं, तव्यावरून हाताने पोळी उलटणं, कडक कोल्हापुरी चप्पल, लांब चालणं, कढत पाण्याने आंघोळ: या चौदा दिवसांत हे सगळं दुसऱ्याकडे किंवा बंद. मऊ सुती मोजे, सैल चप्पल, आणि पहिल्या दिवसापासून युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा. लाली आल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो.

दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने यात चांगली भर घातली. १ टक्का डायक्लोफिनॅकचं जेल, म्हणजे गुडघेदुखीला लावतात तेच, हातांना दिवसातून दोनदा लावलं. कामात अडथळा येण्याइतका त्रास जेल लावणाऱ्यांत ३.८ टक्क्यांना झाला, साधं जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. इतकी स्वस्त गोष्ट इतका फरक पाडताना क्वचितच दिसते. डॉक्टरांना विचारून सुरू करावं.

बोटांवरचे ठसे पुसट होऊन आधारच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, असंही काहींच्या बाबतीत होतं. बँकेत किंवा रेशनच्या दुकानात अडलं तर चकित होऊ नका.

पंप, पोर्ट आणि नरक्याचं झाड

कॅपेसिटाबिन चालत नसेल तर फॉलफॉक्स देतात. दर १४ दिवसांनी दोन तासांचं सलाईन, मग ४६ तास हळूहळू जाणारं फाइव्ह-एफयू. त्यासाठी कॉलरबोनखाली कातडीच्या आत पोर्ट (औषध शिरेत सोडायची छोटी डबी) बसवतात आणि पेशंट कमरेला फुगेवाला पंप लावून घरी जातो. पंपाला बॅटरी नसते, आतला रबरी फुगा आक्रसत औषध ढकलतो. वेग नियंत्रित करणारी छोटी नळी अंगाला चिकटवलेलीच हवी, कारण तापमानावर वेग बदलतो. उन्हात किंवा गरम पिशवीशेजारी पंप राहिला तर औषध लवकर संपतं. यात काउंट कॅपॉक्सपेक्षा जास्त उतरतात, हात-पाय मात्र कमी सोलतात.

पसरलेल्या कॅन्सरमध्ये आणखी एक औषध येतं, इरिनोटेकॅन. त्याचा मूळ पदार्थ कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळा काढला तो अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी जन्माने नंदुरबारचे. पुढे हाच पदार्थ सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही भरपूर सापडला आणि त्यापायी या झाडाची चोरटी तोड झाली. इरिनोटेकॅनचे जुलाब दोन प्रकारचे. सलाईन चालू असतानाच घाम, लाळ आणि पोटात कळ येऊन होतात त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन. दोन-तीन दिवसांनंतर घरी होतात त्यावर लोपेरामाइड, आणि ते कॅपॉक्सपेक्षा जास्त आक्रमकपणे, जुलाब बारा तास थांबेपर्यंत दर दोन तासांनी. दोन्हींची गल्लत करू नये.

खर्चाचं थोडक्यात: केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. संलग्न हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्या सायकलच्या आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर कागद हलवणं फार कठीण जातं.

केमो संपल्यावर

गारव्याचा त्रास जातो, पण दुसराच बधिरपणा मागे राहू शकतो. हा गारव्यावर अवलंबून नसतो. शर्टाचं बटण लावता न येणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं. गंमत, खरं तर कटकट, अशी की शेवटच्या सलाईननंतर दोन-तीन महिने तो वाढतच जातो आणि मग हळूहळू उतरतो. म्हणून सायकल चालू असतानाच बटण लावायला त्रास होऊ लागला तर ते डॉक्टरांना त्याच वेळी सांगावं, ‘दोनच राहिल्यात’ म्हणून लपवू नये. हा बधिरपणा टाळण्यासाठी कुठलंही व्हिटॅमिन सिद्ध झालेलं नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सलाईनही २०१४ च्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरलं. दुखणाऱ्या बधिरपणावर ड्युलोक्सेटिन काहींना उपयोगी पडतं. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा, गरम तव्याचा आणि आंघोळीच्या पाण्याचा अंदाज हातांनी घेऊ नका, कोपराने घ्या.

उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, हॉस्पिटलच्या फार्मसीत परत द्या. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए (कॅन्सर परतल्याची चाहूल देणारी रक्ततपासणी), ठरल्याप्रमाणे सीटी स्कॅन, आणि ऑपरेशनला वर्ष होताना एक कोलोनोस्कोपी. ऑपरेशनआधी आतडं बंद झाल्यामुळे पूर्ण कोलोनोस्कोपी झालीच नसेल, तर वर्षभर न थांबता काही महिन्यांतच. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीत, किंवा पेशंटला ज्या वयात कॅन्सर निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा स्वतःची कोलोनोस्कोपी करून घ्यावी. आणि सुरुवातीला ज्या एमएमआर तपासणीचा उल्लेख आला, तिचा रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांनाही दाखवावा, कारण तो दुरुस्तीचा बिघाड कधी कधी घराण्यात चालत येतो.